ट्रेलरची बॅटरी गाडीवर चार्ज होते का? तपासताना या चुका टाळा

मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर गाडीला जोडला, इंडिकेटर लागले, ब्रेक लाइट लागला, की बहुतेकांची तपासणी संपते. "सगळं चालू आहे, निघूया." मग रात्री मुक्कामी पाण्याचा पंप कुंथायला लागतो, दिवे पिवळे पडतात आणि दोष येतो बॅटरीवर. दिवसभर गाडीमागे फिरून तिला काही मिळालेलंच नसतं.

दिवे लागले म्हणजे चार्जिंग होतंय

या एका गैरसमजापायी जितक्या चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील, तितक्या दुसऱ्या कशानेही गेल्या नसतील. दिव्यांच्या वायरी वेगळ्या, चार्जिंगची वायर वेगळी. तिचा फ्यूज वेगळा, बहुतेक गाड्यांत रिलेही (विजेवर चालणारा स्विच) वेगळा. दिवे झगझगीत लागलेले असताना चार्जिंगची लाइन पूर्ण मेलेली असू शकते.

त्यातही एक गंमत आहे. काही गाड्यांना टोइंगचं सॉकेट, म्हणजे ट्रेलरचा प्लग जिथे बसतो ते, कारखान्यातूनच येतं, पण चार्जिंगचा फ्यूज किंवा रिले जागेवर बसवलेला नसतो. तो छोट्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये दिलेला असतो आणि ती पिशवी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. म्हणून मीटर हातात घेण्याआधी फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा, ट्रेलरची जागा शोधा आणि तिथे खरंच काही बसवलंय का ते बघा. मॅन्युअल वाचायचा कंटाळा असेल तर निदान झाकणावरचा नकाशा तरी वाचा.

प्लगला मीटर लावला, व्होल्ट दिसले, काम झालं

हे अर्धवट शिकलेल्यांचं आवडतं वाक्य. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरीचा एकच तंतू शिल्लक असला किंवा टर्मिनलवर गंजाचा थर असला, तरी मीटरवर आकडा छान येतो. नळ सोडल्यावर थेंब पडतो म्हणून टाकी भरेल असं धरून चालण्यातलाच हा प्रकार.

ओळखीच्या एका गृहस्थांच्या ट्रेलरची बॅटरी प्रत्येक प्रवासात उतरायची. त्यांनी नवी बॅटरी घातली, तरी तेच. मग गॅरेजवाल्याने अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बदलायला लावला. तरीही तेच! प्रत्येक वेळी कोणीतरी सॉकेटला मीटर लावून "चौदा व्होल्ट येतायत, लाइन ठीक आहे" असं सांगून मोकळं व्हायचं. चौदा व्होल्ट येत होते हे खरंच होतं.

मी अशा वेळी हेडलाइटचा १२ व्होल्टचा, ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब वापरतो. त्याला दोन वायरी जोडून तो टूलबॉक्समध्ये कायम ठेवलेला असतो. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे लाइनला खरं काम करावं लागतं. इंजिन चालू ठेवून तो त्यांच्या गाडीच्या सॉकेटमधल्या चार्जिंग पिनला आणि अर्थला (परतीच्या निगेटिव्ह पिनला) जोडला, तर बल्ब नुसता लालसर झाला आणि मीटरवरचा आकडा १४.१ वरून सहाच्या आसपास कोसळला. अल्टरनेटर दणदणीत होता. अडथळा मधल्या वायरीत होता.

बल्ब पेटता ठेवून मागच्या बंपरखाली वायरीवरून हात फिरवत गेलो. एका जागी टेपखाली ऊब लागली. टेप सोलली तर आत वायर न सोलता पक्कडीने दाबून बसवायची ती निळी क्लिप. तिच्या पात्याने बरेच तंतू कापले गेले होते, उरलेल्यांवर पाणी शिरून हिरवी भुकटी जमली होती. प्लास्टिक पिवळट पडून मऊ झालेलं. तेवढा तुकडा कापला, नीट क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) वर चिकटद्रव असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली. बल्ब पांढराशुभ्र पेटला. जुनी बॅटरी तोवर कुठल्या कुठे गेली होती.

त्या क्लिपांबद्दल माझं मत ठाम आहे: ज्या वायरीतून करंट जायचा आहे आणि जिच्यावर पावसाचं पाणी उडणार आहे, तिथे त्या नकोत. दहा मिनिटं वाचवायला लोक त्या वापरतात, नंतर महिनोन्महिने दोष शोधत बसतात.

बल्ब लावताना एक लक्षात ठेवा. तो काही सेकंदांत चटका बसण्याइतका तापतो, म्हणून कार्पेटवर किंवा बंपरच्या प्लास्टिकवर टेकवू नका. आणि पिन कुठली ते आधी ठरवा. प्लग आणि सॉकेट यांच्या आकृत्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, इथे भलेभले फसतात. युरोपीय १३ पिनी जोडणीत ९ नंबरला कायमचा करंट असतो, तर १० नंबरला इग्निशनवर येणारा. इंजिन बंद ठेवून १० नंबर तपासायचा आणि "लाइन मेली" म्हणायचं, हेही लोक करतात.

आकडा कुठला आणि कधी घेतलेला?

बाहेरच्या विजेचं कनेक्शन लावलेलं असताना ट्रेलरचा कन्व्हर्टर (बाहेरची वीज १२ व्होल्टवर आणणारा) स्वतःच बॅटरी चार्ज करत असतो. छतावर सोलर पॅनल असेल तर उन्हात तेही करतं. तुम्ही मीटरवर १३.६ बघून गाडीला शाबासकी देता. ती दोन्ही बंद करा, आतले दिवे पाचेक मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवा, मग थोडं थांबून मोजा.

मोजायचं बॅटरीच्या टर्मिनलवर. आतल्या डिस्प्लेवर नाही, प्लगवरही नाही. ट्रेलरचा बॅटरी कट-ऑफ स्विच बंद राहिला असेल, तर काही ट्रेलरमध्ये आतल्या पॅनलवर अल्टरनेटरचं व्होल्टेज दिसतं आणि बॅटरीला मात्र त्यातलं काहीच पोचत नाही.

माझी सवय अशी: प्लग काढलेला असताना पहिला आकडा घ्यायचा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.७, अर्धी असेल तर १२.२ च्या आसपास. मग प्लग लावून, इंजिन चालू करून, रेस जराशी वाढवून दुसरा. दोन्ही कागदावर लिहायचे, कारण डोक्यात ठेवलेला आकडा आपल्याला हवा तसा बदलतो. दुसरा आकडा तेराच्या वर गेला आणि हळूहळू चढत राहिला तर ठीक. खूप उतरलेली बॅटरी सुरुवातीला व्होल्टेज खाली ओढते, म्हणून लगेच निराश होऊ नका. पण दहा मिनिटांनीही आकडा जागचा हलला नाही, तर लाइन तपासा. भरलेल्या बॅटरीवर ही तपासणी करू नका, तिच्यात करंट फारसा जातच नाही.

वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथे प्रामाणिकपणे शून्य दाखवतात.

बाकीच्या, थोडक्यात

अर्थ टोइंग हुकच्या गोळ्यातून मिळेल असं समजू नका. तिथे ग्रीस आणि रंग असतो, अर्थला स्वतंत्र वायर लागते.

बॅटरीजवळच्या सर्किट ब्रेकरचे नट उघडून बघा, बाहेरून तो नेहमीच चांगला दिसतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त माझी गाडी लांब लावतो.

अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढायचा जुना उद्योग अजूनही दिसतो. व्होल्टेजच्या एका उसळीत गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतात.

सगळं ठीक आहे, तरी बॅटरी भरत नाही

मग वायरीची जाडी बघा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अल्टरनेटरपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत १० मीटर गेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते, आणि १० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट तिथेच मरतात. १४.२ मधून दीड गेले की चार्जिंगला काय उरलं? ६ चौरस मिलिमीटरला तोच तोटा सुमारे ०.६ व्होल्ट.

नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर ही आणखी वेगळी डोकेदुखी. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की इंधन वाचवायला ते व्होल्टेज खाली आणतात. घरासमोर उभं राहून तपासलं तर सगळं उत्तम, हायवेवर तासाभराने चार्जिंग बंद. काही गाड्यांत हेडलाइट चालू ठेवल्यावर व्होल्टेज टिकतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. इथे ट्रेलरमध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारा) बसवणं हाच इलाज. लिथियम बॅटरी असेल तरी तोच, कारण ती अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त करंट ओढू शकते.

आणि फ्रिज. गॅस, वीज आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर सहज खातो. प्लगच्या लाइनमधून तेवढेच येत असतील आणि दोघांची लाइन एकच असेल, तर दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी होती तिथेच राहते. फ्रिज बंद करून एकदा मोजा, चालू करून पुन्हा मोजा.