हिप्परग्याला निघण्याआधी

अंध मुलांना घेऊन आवाज रेकॉर्ड करायला रविवारी पहाटे साडेपाचला सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर पोचायचं, तर शनिवारी संध्याकाळीच सगळं सामान टेबलावर मांडा आणि मुलांना हातांनी चाचपून घेऊ द्या. सेल घालणं, काढणं, बटणं मोजणं, सगळं त्यांनीच करायचं. ही यादी खरं तर सोबत येणाऱ्या डोळस मंडळींसाठी आहे. आजवरचे बहुतेक घोळ आपणच केलेत.

पहिला घोळ माझाच. बऱ्याच रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की यंत्र नुसतं तयार होतं आणि दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं. मी मुलांना हे सांगितलंच नव्हतं. तासभर सगळे पुतळ्यासारखे बसले आणि घरी आल्यावर कळलं, कार्ड कोरं. तेव्हा जे यंत्र नेणार, त्याची ही खोड आदल्या दिवशी तपासा. झूम कंपनीने २०२४ मध्ये आणलेले इसेन्शियल मालिकेतले रेकॉर्डर मेनू बोलून दाखवतात, इंग्रजीत का होईना. शिवाय ते ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे बारीक आणि मोठे आवाज दोन्ही सामावणाऱ्या पद्धतीने, रेकॉर्ड करतात, त्यामुळे पडद्यावरच्या पट्ट्या बघत आवाजाची पातळी जुळवत बसावं लागत नाही. ४८ किलोहर्ट्‌झला स्टिरिओ फाइल तासाला साधारण १.४ जीबी होते, ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतं. कार्ड नखाएवढं असतं, गवतात पडलं की गेलंच. ते घरीच, ताटावर हात ठेवून बदला. भरलेल्या कार्डाच्या डबीला रबरबँड, कोऱ्याच्या डबीला काही नाही.

माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी लागतेच, तलावाच्या बांधावर पहाटेही झुळूक असते. सोलापुरी चादरीचा तुकडा गुंडाळून पाहिला. वारा थांबला, पण पक्ष्यांचे बारीक आवाजही चादरीतच राहिले. खेळण्यांचं फर मिळतं, ते बरं.

आता हेडफोन. डोळस माणसाने हेडफोन लावले तरी समोरचा बांध दिसत राहतो. अंध मुलाने लावले की मागून येणारी मोटारसायकल, पाण्याची कड, शेजारी कोण बसलंय, सगळं एका क्षणात पुसलं जातं, आणि माइक नेईल तिथलंच जग कानात येतं. म्हणून उभं राहून, चालताना हेडफोन नाहीत. आधी जागा पायांनी आणि काठीने ओळखून घ्यायची, मग सतरंजीवर बसायचं, मग हेडफोन, तोही सुरुवातीला एकाच कानावर. काढायच्या वेळी आपण खांद्याला हात लावून आपलं नाव सांगायचं. चालताना दंड धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा.

कपडे सुती. नायलॉनची जाकिटं, बांगड्या, पैंजण घरी. फोन विमान मोडवर. बोलती घड्याळंही बंद. मागे एका छान शांततेत कुणाच्या तरी मनगटाने सहा वाजल्याचं जाहीर केलं होतं.

बटण दाबल्यावर मुलाने स्वतः तारीख, जागा, वेळ आणि माइकचं तोंड कुठे आहे ते बोलायचं. त्यानंतर दहा मिनिटं कुणीच नाही. “ती बघ टिटवी” तर अजिबात नाही. नाव सांगितलं की ऐकणं संपतं. आधी त्यांना विचारा. एकदा लांबून येणारी धडधड मी “यंत्रमाग” म्हणून सोडून दिली. वडील कारखान्यात असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, दोन माग हायत, एकाचा धोटा अडकतोय.” मी पुन्हा ऐकलं. दोनच होते.

सोमवारसाठी लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडदा वाचून दाखवणारं) आणि रीपर (आवाज संपादनाचं), सोबत रीपर एनव्हीडीएसह वापरता यावं म्हणून ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर, आधीच बसवून ठेवा. संपादन कळफलकावरूनच होतं. दुसऱ्यांना ऐकवायची फाइल करताना निवेदन आवाजावर चढवायचं नाही. आधी अर्ध्या मिनिटात सांगायचं: पाणी डावीकडे, बाभळी मागे, तुळजापूर रस्ता दूर. मग नुसता आवाज. रस्त्यावरचे ट्रक कापून टाकायचा मोह होईल, पण हिप्परग्याला ट्रक आहेतच.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं पुढच्या महिन्यात. तिथे वनविभागाची परवानगी आधी काढा. पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचाच आवाज वाजवणं तिथे नाही, कुठेच नाही.

आणि डब्यात कडक भाकरी नको. एक तुकडा मोडला तरी पाच माइकांवर उमटतो. दशम्या करा. शेंगाची चटणी चालेल, तिचा आवाज होत नाही.