घरचं वायफाय आणि कॉम्प्युटर : फायरवॉल आहेच, फक्त भोकं बुजवा

फायरवॉल, म्हणजे न बोलावता बाहेरून येणाऱ्याला अडवणारा वॉचमन, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी विकत आणून बसवायची भानगड आहे, आणि लॅपटॉप घेताना दुकानदार पण हळूच एक अँटीव्हायरसचं खोकं पुढे सरकवतो ज्याच्यावर मोठ्या अक्षरात हाच शब्द छापलेला असतो. खरं तर विंडोजमध्ये एक फायरवॉल आधीपासून आहे, राउटरमध्ये, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या डब्यात, दुसरी आहे, दोन्ही फुकट आणि घरगुती वापराला पुरून उरतील एवढ्या चांगल्या. प्रॉब्लेम असा की कुणीतरी कधीतरी प्रिंटर चालेना म्हणून एक बंद करून ठेवलेली असते, दुसरीला कुठल्यातरी गेमसाठी भोक पाडलेलं असतं, आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड तर फॅक्टरीतून आला तसाच. म्हणजे नवीन काही आणायचं नाहीये, आहे ते नीट लावायचंय. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलात तर जेवायच्या आत होतं.

सुरुवात राउटरपासून करा, कॉम्प्युटरपासून नको, कारण घरातलं सगळं त्याच्यातूनच जातं. फायबर कनेक्शन असेल तर केबलवाला भिंतीवर ठोकून गेलाय तो डबा बहुतेक वेळा मोडेम आणि राउटर दोन्ही असतो. तो काढून पालथा करा, मागे स्टिकर असेल. त्यावर दोन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि सगळा घोळ इथेच होतो बघा: एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो, आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा आपण कधी वापरतच नाही, त्यामुळे तो आहे हेच माहीत नसतं.

आता शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा (नाहीतर वायफायचा पासवर्ड बदलताना मधेच बाहेर फेकले जाल) आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. दोन्ही नाही चाललं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, डिफॉल्ट गेटवे समोर जो नंबर दिसेल तो तुमच्या राउटरचा. पान उघडताना ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणून ओरडतो, इथे त्याच्याकडे दुर्लक्ष चालेल, पान समोरच्या डब्यातूनच येतंय. पण बँकेच्या साइटवर तसं ओरडला तर मात्र तिथून ताबडतोब बाहेर.

आत शिरलात की पहिलं काम ॲडमिन पासवर्ड बदला, बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच. २०१६ मध्ये मिराय नावाचं एक मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आलं होतं, त्याच्याकडे फार डोकं नव्हतं, फॅक्टरीतून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, ती घेऊन ते इंटरनेटवर दारोदार फिरायचं आणि जिथे उघडेल तिथे आत. एवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यातल्याच डब्यांकडून डाइन (Dyn) नावाच्या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर एवढा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास धड उघडत नव्हत्या. काही इंटरनेट कंपन्या ग्राहकाला अर्धवटच लॉगिन देतात, ॲडमिनचं स्वतःकडे ठेवतात, तसं असेल तर त्यांच्या इंजिनिअरच्या मागे लागून बदलून घ्या किंवा त्या डब्याचं वायफाय बंद करून मागे स्वतःचा राउटर लावा. खर्च आहे पण हातात कंट्रोल राहतो.

मग फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बघा, ऑटो अपडेट असेल तर चालू करून टाका. राउटर इतका जुना असेल की कंपनीने अपडेट देणंच सोडून दिलंय, तर तो बदला, अशा वेळी सेटिंग कितीही आवळली तरी उपयोग नसतो.

आता बंद करायच्या गोष्टी. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून तुमच्या राउटरचं लॉगिन पान उघडणं, हे बंद. यूपीएनपी बंद, कारण ते चालू असलं की घरातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता राउटरला सांगून बाहेरून आत यायचं पोर्ट (दार) उघडून घेऊ शकतो, चांगला प्रोग्राम पण आणि वाईट पण. मुलं गेम खेळत असतील तर 'नॅट टाइप स्ट्रिक्ट' वगैरे तक्रार येईल, तेव्हा त्या गेमला लागतं तेवढंच पोर्ट हाताने उघडा आणि गेम सोडल्यावर काढून टाका.

आणि डब्ल्यूपीएस. बटण दाबलं की फोन जोडला जातो ते हेच. बटणापेक्षा त्यातला आठ आकडी पिन जास्त डेंजर आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं ना? पण शेवटचा आकडा नुसता चेकसम, आधीच्या सातांवरून निघतो, म्हणजे राहिले सात. त्यात राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे, आणि पहिले चार चुकले तर तसं कळूही देतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, झाले ११,०००. स्टेफान फीबॉक या संशोधकाने २०११ च्या शेवटी हे उघड केलं. इतकी वर्षं झाली तरी डब्यांमध्ये हा पर्याय अजून येतोच, आणि तुमचा वायफाय पासवर्ड कितीही भारी असला तरी पिन मिळाला की तो आपोआप हाती लागतो. बंद करा.

आता वायफायचा पासवर्ड. आपल्याकडे बसवायला आलेला माणूस सर्रास ग्राहकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो, लक्षात राहतो म्हणून. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांकडे तुमचा नंबर असतो ते सोडाच, गणित बघा: सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे चारशे कोटी शक्यता. डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची एक पद्धत) मध्ये तुमचा फोन राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती जिन्यात बसून कुणी रेकॉर्ड केली तर पुढचा अंदाज-पंचे खेळ तो स्वतःच्या घरी निवांत करू शकतो, राउटरला पत्ताही लागत नाही, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. म्हणजे फार तर काही तासांचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमनमध्ये सलग लिहा, खलबत्ता, बोगदा, सतरंजी, पारवा असे कायतरी (हेच नका टाकू हां). आपलं रोमन स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, याचा इथे फायदाच होतो.

सिक्युरिटीच्या खान्यात डब्ल्यूपीए३ असेल तर ते, जुना प्रिंटर किंवा फोन जोडला जाईना तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स, नाहीतर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत दिसली तर हात जोडा, ते २००१ पासून फुटलेलं आहे. वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक यंत्रांच्या मॅक ॲड्रेसलाच, म्हणजे ओळख-नंबरालाच, आत घेणं) हे दोन सल्ले अजूनही फॉरवर्ड होत फिरतात, माझ्या मते निव्वळ टाइमपास. लपवलेलं नाव साध्या फुकट ॲपने सापडतं, आणि मॅक ॲड्रेसची नक्कल करता येते, उलट हल्लीचे फोन स्वतःच खोटा मॅक वापरतात त्यामुळे अडकाल तुम्हीच. नावात फ्लॅट नंबर मात्र टाकू नका.

गेस्ट नेटवर्क चालू करा. पाहुण्यांसाठी तर आहेच पण त्याहून जास्त स्वस्तातले कॅमेरे, स्मार्ट बल्ब, प्लग यांच्यासाठी, ज्यांना वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाही. त्यांना गेस्टवर टाका आणि गेस्टवरून घरचं नेटवर्क दिसणार नाही असा पर्याय टिक करा. टीव्ही आणि प्रिंटर पण तिकडे टाकावेत असं पुस्तकी उत्तर आहे, पण मग फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही आणि घरात रोज बोलणी बसतात, म्हणून मी ते मेन नेटवर्कवरच ठेवतो.

राउटरच्या फायरवॉलबद्दल एक गोष्ट राहिली. इंटरनेटवरचे पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत, आयपीव्ही४ मध्ये, राउटर नॅट करतो, म्हणजे घरातली सगळी यंत्रं एका पत्त्यामागे असतात आणि न बोलावता बाहेरून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही म्हणून ते तिथेच मरतं. स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर कंपनीने पण वर अजून एक नॅट लावलंय. पण आता बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ ही नवी पद्धत पण येते आणि त्यात प्रत्येक फोनला, टीव्हीला स्वतःचा थेट पत्ता मिळतो, तिथे नॅट नसतं. म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे का हे वेगळं बघा. मेनूत कुठेतरी आत दडलेलं असतं, शोधा.

आता कॉम्प्युटर. राउटर अडवतोय तर इथे फायरवॉल कशाला, असं विचारतात लोक. कारण राउटर फक्त बाहेरचं अडवतो, भाच्याचा व्हायरसने भरलेला लॅपटॉप तुमच्याच वायफायवर बसून तुमच्या मशीनकडे बघत असेल तर सहसा राउटर मधे पडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर असंच पसरलं, एक मशीन लागलं की फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून शेजारची मशीनं, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच दिलेला होता, लोकांनी टाकला नव्हता.

विंडोज सिक्युरिटी उघडा, 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' मध्ये जा, डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे नेटवर्कचे तीन प्रकार दिसतील, तिन्ही ऑन पाहिजेत. घरी फाइल शेअरिंग वगैरे करत नसाल तर घरचं वायफाय पण पब्लिक म्हणूनच ठेवा, इंटरनेटला काही फरक पडत नाही, फक्त तुमचं मशीन इतरांना दिसत नाही. हॉटेलात, स्टेशनवर असाल तर पब्लिकच्या पानावर सगळी इनकमिंग कनेक्शन ब्लॉक करायची टिक आहे ती पण मारा.

मग 'अलाउ ॲन ॲप थ्रू फायरवॉल' ही यादी उघडा. इथे गंमत असते, कधीच काढून टाकलेले गेम, टोरेंटचं सॉफ्टवेअर, तीन वेळा आलेलं एकच नाव, सगळ्यांना आत यायची परवानगी. ओळखीचं नसेल त्याची टिक काढा, काही बंद पडलं तर परत लावता येते. यापुढे नवीन प्रोग्राम टाकल्यावर परवानगी मागणारी खिडकी आली तर सरळ कॅन्सल करा, ती खिडकी बाहेरून आत येणाऱ्यासाठी असते, प्रोग्राम स्वतः इंटरनेटवर जाऊ शकतोच. गेम होस्ट करायचा असेल, लोकल शेअरिंग असेल तरच हो म्हणायचं.

विंडोज प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) बंद आहे का बघा, आणि राउटरमध्ये त्याचं ३३८९ पोर्ट कुणी फॉरवर्ड केलेलं (बाहेरून आत उघडलेलं) दिसलं तर आजच्या आज काढा, घरचं मशीन बाहेरून लागत असेल तर व्हीपीएन (खासगी, कुलूपबंद जोडणी) वापरा. अँटीव्हायरसची ट्रायल संपून तो नुसता नावाला पडलेला असेल तर अनइन्स्टॉल करा आणि विंडोजची फायरवॉल परत जागी झाली का ते तपासा. विंडोज १० वाल्यांनो, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, फायरवॉल ही अपडेटची जागा घेत नाही.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल, आणि ती बऱ्याचदा बंदच असते. उबंटूवर (लिनक्सवर) टर्मिनलमध्ये सुडो यूएफडब्ल्यू इनेबल (sudo ufw enable), झालं, इनकमिंग आपोआप बंद होतं.

सगळं झाल्यावर गिब्सन रिसर्चच्या साइटवर शील्ड्स अप नावाची जुनी फुकट टेस्ट आहे ती चालवा. हिरवा म्हणजे पोर्ट दिसतच नाही, निळा बंद, लाल उघडं. मात्र वर सांगितलेलं कंपनीचं नॅट असेल तर ही टेस्ट कंपनीचं यंत्र तपासते, तुमचं नाही, त्यामुळे सगळं हिरवं आलं म्हणून पेढे वाटू नका.

आणि यातलं काहीही तुम्ही स्वतः आत घेतलेल्याला अडवत नाही, हे घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा. 'आज रात्री वीज तोडणार' म्हणून फोन येतो, समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतो, किंवा व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, ट्रॅफिक चलान म्हणून एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल येते. वॉचमन अनोळखी माणसाला गेटवर अडवेल, पण तुम्हीच 'आमचेच आहेत' म्हणून वर घेऊन गेलात तर तो काय करणार. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

शेवटचं काम, राउटरच्या मेनूत बॅकअप असतो तो घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि नवे पासवर्ड वहीत लिहून कपाटात. लाइन गेली की टेक्निशियन येतो, टाचणी घालून रिसेट मारतो, नेट चालू झालं म्हणून आपण खूश, आणि तुमची सगळी सेटिंग उडालेली असते. तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत लॉगिन करून बघा, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी परत चालू झालेले असतील आणि वायफायचा पासवर्ड परत तुमचा मोबाईल नंबर.