गाडीत पाणी येतंय? बुजवण्याआधी वाट शोधा

जूनच्या पहिल्या जोरदार सरी झाल्या की गाडीत कोंदट वास येऊ लागतो, काचा आतून धुरकट होतात आणि पायाखालचं कार्पेट दाबलं की बोटं भिजतात. मग सिलिकॉनची ट्यूब आणून दिसेल ती फट बुजवली जाते. हे करू नका. थोडं पाणी आत शिरणारच, हे धरूनच गाडी बनवलेली असते. दाराच्या काचेखालच्या रबरी पट्टीतून ते दारात उतरतं, वायपरखालच्या जाळीतून आणि सनरूफच्या कडेनंही उतरतं आणि ठरलेल्या वाटेनं खाली निघून जातं. ती वाट तुंबली की ते केबिनमध्ये येतं. सिलिकॉननं तीच वाट बंद झाली तर त्रास दुप्पट होतो.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. पाऊस नसतानाही पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होत असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल, तर बहुतेक ते एसीचं असतं. मुंबईच्या दमट हवेत एसी १५ मिनिटं चालला की गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. जमीन कोरडी राहिली तर एसीच्या कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी बहुधा तुंबली आहे. चिकट, गोडसर वासाचं पाणी आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर म्हणजे हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. कूलंट विषारी असतं आणि कमी झालं तर इंजिन तापतं, त्यामुळे ही गाडी सरळ गॅरेजला न्या. फक्त पावसात किंवा धुतल्यावरच ओल येत असेल तर पुढे वाचा.

एसीचं पाणी सोडणारी ही नळी बहुतेक गाड्यांत इंजिनमागच्या पत्र्यातून खाली निघते. तिच्या तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ ओढून घ्या. तार आत खुपसू नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च कित्येक पटींनी वाढतो.

पावसाच्या पाण्यात पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर घ्या. गुलमोहर, सोनमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. या झाडांच्या बारीक पाकळ्या-पानं जाळीतून आत जातात, भिजून लगदा होतात आणि दोन्ही टोकांची भोकं बंद करतात. पाणी साचत ब्लोअरच्या हवेच्या तोंडापर्यंत चढलं की डॅशबोर्डखालून ओघळतं. बॉनेट उघडून लगदा हातानं काढा, मग मगभर पाणी ओता. ते चाकामागून लगेच खाली पडलं पाहिजे.

तरीही ओल येत असेल तर पाण्याची चाचणी करा. मॅट काढून कार्पेट उचला आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. एकजण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून कुंड्यांच्या झारीनं पाणी घालेल. सोसायटीत नळी लावायला मनाई असली तरी झारी चालते, आणि तिची धार पावसासारखीच असते. सुरुवात खालून करा. आधी दाराचा तळ, मग काचेची पट्टी, मग समोरची काच आणि शेवटी छत. प्रत्येक जागी ५ मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम ओलं होतं आणि काही कळत नाही. पाणी पत्र्याच्या आतून वाहत येतं, त्यामुळे डिकीतली ओल छतावरच्या अँटेनाच्या बुडातून आलेली असू शकते.

दारांकडे नीट लक्ष द्या, कारण इथली चूक बहुधा माणसानं केलेली असते. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, ती अगरबत्तीच्या काडीनं मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर ती तुंबलेलीच आहेत. भोकं मोकळी असूनही उंबऱ्यापाशी ओल येत असेल तर दाराचं पॅनल काढा. आत प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइलनं लावलेला असतो. स्पीकर किंवा काचेची मोटर बदलताना तो फाडून सेलोटेपनं जोडलेला सापडतो, आणि सेलोटेप पहिल्याच पावसात सुटते. जागा पुसून पूर्ण वाळवा, नवी ब्युटाइल टेप लावून पडदा सर्व बाजूंनी दाबून बसवा. खालची कड दाराच्या पत्र्याच्या पोकळीत वळलेली हवी, नाहीतर पाणी पॅनलवर उतरतं.

रबरी बीडिंग तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथे ती सहज निघते तिथे रबर दबलंय. त्या दाराचं रबर बदला.

सनरूफ असेल तर ते उघडून कोपऱ्यातल्या भोकात २०० मिली पाणी हळूहळू ओता. ते चाकाजवळ खाली आलं नाही तर गवत कापायच्या मशिनची नायलॉनची दोरी हलक्या हातानं सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी जोडापासून सुटते आणि मग सगळं छत उतरवावं लागतं.

समोरच्या काचेच्या कडेनं पाणी येत असेल तर काम काचवाल्याचं. ती काच युरेथेन नावाच्या गोंदानं बसते, आणि वरून सिलिकॉन लावलेलं असेल तर नवं युरेथेन त्यावर धरत नाही.

आता वाळवणं. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि जुलैत काचा उघड्या ठेवून तो वाळत नाही. पुढच्या सीट काढाव्या लागतील. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून १० मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, बॅटरी जोडलेली असताना त्यांना हात लावू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायरींना कधीच नाही. फोम काढून घरात पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा, पत्रा पुसून गंज दिसला तर घासून प्रायमर लावा. कार्पेट बसवण्याआधी झारीची चाचणी पुन्हा करा. पत्र्यातली रबरी बुचं पाणी काढायला उघडली असतील तर ती परत घट्ट बसवा, एखादं राहिलं तर रस्त्यावरचं पाणी चाकानं उडून थेट आत येतं.