लॉर्ड सॉल्सबरींचा जीवनपट लिहायचाय? आधी नावांच्या तारखा लावा

जन्म, शिक्षण, विवाह नंतर. कागदावर सगळ्यात वर नावांच्या तारखा लिहा. रॉबर्ट सेसिल (१८३०-१९०३) तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि कागदपत्रांत ते तीन नावांनी सापडतात. जून १८६५ पर्यंत लॉर्ड रॉबर्ट सेसिल. मग थोरला भाऊ वारल्यावर व्हायकाउंट क्रॅनबोर्न. आणि १२ एप्रिल १८६८ ला वडील गेल्यापासून मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी.

घोटाळा असा की तिन्ही नावांनी घरातली दुसरी माणसंही वावरतात. १८५२ आणि १८५८-५९ मध्ये पंतप्रधान डर्बींच्या मंत्रिमंडळात दिसणारे सॉल्सबरी म्हणजे वडील. १८८५ नंतर कॉमन्समध्ये (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात) बोलणारे क्रॅनबोर्न म्हणजे थोरले चिरंजीव जेम्स. १९०६ पासूनचे खासदार लॉर्ड रॉबर्ट सेसिल हे तिसरे चिरंजीव. म्हणून हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या भाषणांच्या छापील नोंदींत, नुसतं नाव टाकून शोधू नका, सोबत वर्षांची मर्यादा घाला.

दुसरी पायरी सभागृहाची. पहिली दोन नावं केवळ शिष्टाचाराची होती; ती लावणारा कायद्याने उमराव नसे, त्यामुळे १८५३ ते १८६८ ते स्टॅमफर्डचे खासदार राहू शकले. तिसरा किताब वारशाचा, तो मिळताच लॉर्ड्समध्ये (उमरावांच्या सभागृहात) रवानगी. त्या काळी कॉमन्सच्या सदस्याला मंत्रिपद घेतल्यावर पुन्हा निवडून यावं लागे. म्हणून १८६६ मध्ये ते भारतमंत्री झाले तेव्हाची पोटनिवडणूक पाहून राजकीय वादळाची कल्पना करू नका. वादळ आलं ते मार्च १८६७ मध्ये, मतदानहक्काच्या विधेयकावरून त्यांनी राजीनामा दिला तेव्हा.

पदांचा तक्ता करताना सर्वाधिक चुका होतात. पंतप्रधानपद १८८५-८६, १८८६-९२ आणि १८९५-१९०२. पण फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी (हे पद सहसा पंतप्रधानांकडेच असे) यांच्या यादीवरून पंतप्रधान ठरवलात तर फसाल: ते पद त्यांनी जेमतेम १८८६-८७ च्या काही महिन्यांपुरतं ठेवलं. एरवी ते इडस्ली, डब्ल्यू. एच. स्मिथ, बाल्फोर यांच्याकडे होतं. सॉल्सबरींना परराष्ट्र खातं हवं असे, आणि नोव्हेंबर १९०० पर्यंत बहुतेक काळ त्यांनी ते पंतप्रधानपदासोबतच सांभाळलं. तेव्हा पंतप्रधानपद आणि खातं असे दोन वेगळे रकाने ठेवा. भारतमंत्रिपदाच्याही दोन ओळी लागतात, १८६६-६७ आणि १८७४-७८.

आता त्यांचे शब्द. १८५७ मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केल्यावर घरखर्चाला हातभार म्हणून त्यांनी नियतकालिकांत भरपूर लिहिलं, तेही बिननावी. लेखकाच्या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. हॅन्सार्डही १९०९ पूर्वी अधिकृत शब्दशः नोंद नव्हतं. बरंचसं वर्तमानपत्रांवरून जुळवलेलं, कित्येकदा ‘ते म्हणाले की’ अशा वळणाचं. महत्त्वाचं वाक्य अवतरणात घालण्याआधी त्या दिवसाच्या वृत्तपत्राशी ताडून बघा.

आणि त्यांची गाजलेली काही भाषणं संसदेत झालीच नाहीत. ‘मरणासन्न राष्ट्रां’विषयीचं मे १८९८ चं भाषण अल्बर्ट हॉलमधलं. दादाभाई नौरोजींना उद्देशून ‘काळा माणूस’ हे शब्द त्यांनी नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत वापरले. अशा भाषणांसाठी पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक काढा आणि निदान दोन वेगवेगळ्या पक्षांची वर्तमानपत्रं शेजारी ठेवा. टाळ्या आणि हशा कंसात नोंदवलेला असतो, तोही उतरवून घ्या. सभेने काय उचलून धरलं ते त्यातून कळतं.