बेरोजगार भत्ता रखडला किंवा वसुलीची नोटीस आली? या चुका टाळा

भत्ता रखडणे आणि मिळालेला भत्ता परत मागितला जाणे, या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात. पण बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते: तुम्ही भरलेली माहिती आणि कंपनीने कळवलेली माहिती जुळत नाही. तफावत पैसे देण्याआधी लक्षात आली तर अर्ज अडकतो, नंतर लक्षात आली तर वसुली निघते. नियम देशोदेशी वेगळे असले तरी माणसे अडकतात त्या जागा जवळपास त्याच आहेत.

सगळाच उशीर म्हणजे घोळ नव्हे. सुरुवातीचे काही दिवस भत्ता न देण्याची तरतूद अनेक देशांत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारातही पहिल्या सात दिवसांची सूट दिलेली आहे. तो काळ उलटूनही पैसे आले नाहीत, तर चौकशी सुरू करा. 'प्रलंबित' एवढेच उत्तर घेऊन परत फिरू नका. ओळख पटायची आहे, बँक खात्यावरचे नाव जुळत नाही, की कंपनीचे उत्तर यायचे आहे, हे विचारा. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि खाते जुन्याच नावाचे असेल, तर अर्ज तेवढ्यावरूनही अडतो.

अर्ज अडकला म्हणून हजेरी थांबवणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अनेक ठिकाणी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला 'मी अजून बेरोजगार आहे, काम शोधतो आहे' असे भरून द्यावे लागते. निर्णयच झालेला नाही, मग कशाला भरायचे, असे वाटून लोक ते सोडून देतात. पुढे निकाल बाजूने लागतो, पण न भरलेल्या आठवड्यांचे पैसे बुडतात. अर्ज तपासणीत असो वा अपिलात, हजेरी भरत राहा आणि प्रत्येक वेळची पोच जपून ठेवा.

नोकरी का सुटली, हे मोघम लिहिणे

'वैयक्तिक कारण', 'परस्पर संमतीने' असले शब्द कंपनीला सोयीचे असतात, तुम्हाला नव्हे. स्वतःहून नोकरी सोडली असे धरले गेले तर भत्ता नाकारला जाऊ शकतो किंवा काही काळ थांबवला जाऊ शकतो. राजीनामा दबावाखाली द्यावा लागला असेल, तर तसे स्पष्ट लिहा आणि त्या काळातले ईमेल, मेसेज सोबत जोडा. कामाचा शेवटचा दिवसही नीट पाहा. नोटीस काळाचा पगार किंवा शिल्लक रजेचे पैसे मिळाले असतील, तर काही ठिकाणी तेवढे दिवस तुम्ही पगारावर होतात असे मानतात. ही रक्कम अर्जात दाखवली नाही, तर पुढे वसुली निघू शकते.

किरकोळ कमाईचा हिशेब चुकणे

प्रामाणिक माणसे सर्वाधिक फसतात ती इथे. समजा, १२ आणि १३ तारखेला तुम्ही दोन दिवसांचे काम केले आणि पैसे ३० तारखेला खात्यात आले. ही कमाई कोणत्या आठवड्यात दाखवायची? काही व्यवस्था काम केले तो आठवडा धरतात, काही पैसे हातात पडले तो काळ. शिवाय आकडा कपातीआधीचा हवा की खात्यात जमा झालेला, हाही प्रश्न असतोच. अनेक ठिकाणी कपातीआधीचाच लागतो, आणि लोक बँकेचा मेसेज बघून जमा झालेली रक्कम भरतात. फॉर्मवरची सूचना वाचा, आणि कामाची तारीख, तास, ठरलेली रक्कम व मिळालेली रक्कम अशी साधी वही ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी प्रश्न आला तर ही वहीच कामी येते.

नोटीस आली म्हणजे ती बरोबरच असणार, असे धरून चालणे

कृपा करून असे धरू नका. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर 'रोबोडेट' नावाने गाजलेल्या योजनेत लोकांची वर्षाची कमाई सरसकट पंधरवड्यांत वाटून त्यांच्यावर वसुली काढली गेली. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी असलेल्या माणसाने वर्षभर कमावले, असा त्याचा अर्थ झाला. योजना बेकायदेशीर ठरली आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात संगणक प्रणालीने हजारो लोकांना फसवणूक करणारे ठरवले आणि चौपट दंड लावला. निव्वळ यंत्राने ठरवलेली प्रकरणे पुन्हा तपासली, तेव्हा ९३ टक्के निर्णय चुकीचे निघाले. त्या लोकांनी काय सोसले असेल, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

म्हणून नोटीस हातात आल्यावर कोणत्या काळाचे पैसे मागितले आहेत, का मागितले आहेत आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख कोणती, हे आधी शोधा. मुदत बऱ्याच ठिकाणी पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, ते तुम्ही उघडलेल्या दिवसापासून नव्हे. जर्मनीत हरकतीला साधारण महिना मिळतो. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे आणि काही राज्यांत दोन आठवड्यांच्या आसपासच वेळ असतो. पुरावे गोळा व्हायचे असतील तरी अपील आधी दाखल करा, कागद मागाहून पाठवता येतात.

अपील, माफी आणि हप्ते यांची गल्लत करू नका. रक्कम किंवा कारणच चुकीचे आहे, तेव्हा अपील. पैसे जास्त आले हे खरे, पण त्यात माझा दोष नाही आणि परत देणे झेपणार नाही, तेव्हा जिथे तरतूद आहे तिथे माफीचा अर्ज. देणे मान्य आहे पण एकरकमी जमत नाही, तेव्हा हप्ते. अपील चालू असताना हप्ते मागावे लागले, तर 'माझी हरकत कायम आहे' हे वाक्य अर्जात लिहाच. आणि घाबरून व्याजाने कर्ज काढून रक्कम फेडायला जाऊ नका. चालू भत्त्यातून कपात होत असेल, तर ती कमी करण्याची विनंती करता येते का, ते आधी विचारा.

नोटिशीत 'जाणूनबुजून', 'खोटी माहिती' असे शब्द असतील तर रक्कम लहान असली तरी दुर्लक्ष करू नका. तो ठपका राहिला तर दंड लागतो आणि पुढचा भत्ताही बंद होऊ शकतो. अशा वेळी मोफत कायदा सल्ला केंद्राकडे किंवा कामगार संघटनेकडे जा.

फोनवर झालेले बोलणे तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांकासह लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी लेखी कळवा. वसुलीच्या नावाने कुणी गिफ्ट कार्डने किंवा अनोळखी खात्यावर पैसे भरायला सांगितले, तर ती फसवणूकच आहे.

अपील जिंकल्यावरही फाइल मिटली असे समजू नका. तोवर कापून घेतलेली रक्कम आपोआप परत येईलच असे नाही, ती लेखी मागा. दंड आणि फसवणुकीची नोंद दोन्ही काढल्याचे पत्र घ्या, आणि महिन्याभराने भत्त्याचे खाते पुन्हा पाहून वसुलीची बाकी शून्य दिसते का ते बघा.