बिडी सोडताय आणि निकोटिनच्या गमलाच भिताय? या चुका टाळा

सोलापुरात कुणी निकोटिनचा गम चघळून बिडी-सिगारेट सोडायला निघाला की चहाच्या टपरीवर हमखास ऐकायला मिळतं, "गममध्ये पण निकोटिनच असतंय की, मग फरक काय?" फरक धुराचा आहे. तंबाखू जळताना 7,000 हून जास्त रसायनं निघतात, त्यातली सुमारे 70 कॅन्सर करणारी. वर टार आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटिनमुळे सवय लागते हे खरं, पण फुप्फुसांची आणि हृदयाची वाट मुख्यतः धूर लावतो. गम आणि पॅचमध्ये (अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी) धूरच नाही.

या भीतीपोटी लोक गम जपून-जपून, दिवसाला दोन-तीनच खातात. मग तलफ येते आणि खापर गमवर फुटतं. पहिले सहा आठवडे साधारण दर एक-दोन तासांनी एक गम लागतो (दिवसाला 24 च्या वर नाही), आणि पूर्ण कोर्स 12 आठवड्यांचा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर 2 मिलीग्रॅमचा गम कमी पडतो. 4 मिलीग्रॅमच्या गमचं डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक चघळण्यातली. हा बबलगम नव्हे. सावकाश चावा, तिखट झणझणीत चव आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळ आणि उचकी तेवढी पदरी पडते. आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. टपरीवर उभं राहून हे पाळणं अवघड, म्हणून सुरुवातीला टपरीच टाळलेली बरी.

पॅचचं आपल्याकडचं दुखणं म्हणजे एप्रिल-मेचा घाम. अंग कोरडं करून, तेल-पावडर न लावलेल्या, केस नसलेल्या जागी तळव्यानं दाबून चिकटवा. रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा.

पॅच असताना एखादी सिगारेट ओढली गेली तर घाबरून पॅच उपटू नका, सिगारेट फेका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्येच पॅच-गमसोबत सिगारेट न ओढण्याचा इशारा लेबलवरून काढायला परवानगी दिली. गमसोबत मशेरी किंवा मावा मात्र चालू ठेवला, तर सुटलं काय?

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. वापरलेला पॅच घडी घालून पोरांच्या हाती लागणार नाही असा टाका. अडलं तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) मोफत आहे.