हवेतली काजळी मोजताना या चुका टाळा

जून लागला की फोन सुरू होतात. ‘सर, ब्लॅक कार्बन (म्हणजे काजळी) मायनसमध्ये जातंय, मशीन बिघडलं का?’ बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं.

काजळी मोजणारं हे मशीन, म्हणजे एथॅलोमीटर, थेट हवा मोजत नाही, टेपवरचा डाग मोजतो. हवा फिल्टर टेपमधून ओढली जाते, डाग काळवंडत जातो आणि त्यातून पार होणारा ८८० नॅनोमीटरचा प्रकाश किती घटला यावरून काजळीचा हिशोब लागतो. टेपला दुसरं काहीही झालं तरी ते आकड्यांत उतरतं.

सगळ्यात महागात पडतो ओलावा. तुर्भ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एका विद्यार्थिनीने गच्चीवरच्या खोलीत यंत्र लावलं होतं, एसी २२ वर. ग्राफला करवतीसारखे दात, वर जाऊन लगेच शून्याखाली. सिग्नलला थांबणाऱ्या ट्रकांशी संबंध जोडून तिने प्रबंधाचं अर्धं प्रकरण लिहूनही टाकलं होतं. मी यंत्राजवळची, हवा आत नेणारी नळी काढून झटकली, तर तळहातावर पाण्याचे दोन थेंब पडले. नळी एसीच्या झोतातूनच खाली आणली होती. कॉम्प्रेसर सुरू झाला की ग्राफला दात. जुलैत आपल्याकडे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) २५ अंशांच्या आसपास असतो, मग २२ अंशांत पाणी सुटणारच. तीन आठवड्यांचा डेटा गेला. पोर रडवेली झाली होती, मलाही फार वाईट वाटलं.

मी एसी २७ च्या खाली नेत नाही, नळीला फोम गुंडाळतो आणि सिलिका जेलचा ड्रायर लावतो. निळे दाणे गुलाबी पडायची वाट न बघता पावसाळ्यात रोज सकाळी बदलतो.

दुसरी चूक बघून माझा संताप होतो: एक्सेलमध्ये फक्त मायनस आकडे उडवणं. पावसाने हवा धुतली की मिनिटामिनिटाचे आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना हलतात. खालचेच काढले तर सरासरी फुगते. सगळे ठेवा, तासाची सरासरी घ्या.

टेप बदलल्यावर हवेचा फ्लो आणि गळती तपासा. साधी प्लॅस्टिकची नळी नको, स्थिर विजेमुळे कण आतच चिकटतात. यंत्राच्या ३७० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण जास्त दिसलं म्हणून लगेच ‘लाकडाचा धूर’ लिहू नका. खाणींची धूळही तसंच दाखवू शकते.

आणि हवेतले कण अडवणारा हेपा फिल्टर लावून अर्धा तास शून्य बघितल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. ‘तेवढा वेळ नाही’ म्हणणाऱ्याला मी यंत्राला हात लावू देत नाही.